किंमत विचारायला काय जातं

तिघांनाही मी फोनवर एकच सांगितलं:
विकायचं मनात आहे, बघू.
मनात कसलं, गिऱ्हाईक ठरलेलं होतं.
शेजारच्या डिलिसची टेगन,
चौदा नंबरात आईबरोबर भाड्याने राहते,
हॅलिफॅक्सच्या इस्पितळात रात्रपाळी करते,
सकाळी आठला येते आणि बूट हातात घेऊन जिना चढते.
मला फक्त आकडा हवा होता.
तिला लुबाडायचं नाही, आपणही बुडायचं नाही,
आणि आकडा टॉडमॉर्डनमध्ये फुकट मिळतो,
चहा आणि दोन बिस्किटांवर.

एकतीस वर्षं मी पोस्टाच्या काउंटरवर पार्सलं तोलली.
लोक विचारायचे, ऑस्ट्रेलियाला किती पडेल?
मी तोलून सांगायचे.
ते पार्सल काखेत मारून चालते व्हायचे.
मी कधी मनाला लावून घेतलं नाही.
म्हणजे, थोडं घेतलं.

सोमवारी पिकर्सगिल. उंटाच्या रंगाचा कोट.
प्रत्येक खोलीच्या दारात 'वा',
बॉयलरच्या कपाटालाही 'वा'.
दोन लाख पस्तीस हजार, म्हणाला, डोळे मिटून.
सहीचा कागद खिशातून आधीच डोकावत होता.
त्याचा दीड टक्का. तो फाटकापाशी पोचेपर्यंत मी हिशेब केला:
तीन हजार पाचशे पंचवीस पौंड.
एवढ्यात मागच्या बाजूचं छप्पर होतं.

बुधवारी इमोजेन थ्वेट.
तिने जिन्यावरची खुर्ची पाहिली,
बटण दाबलं की वर जाते ती,
क्लाइव्हच्या शेवटच्या दोन वर्षांची.
"ही आधी काढा. हिच्यापायी पाच हजार जातात.
लोकांना म्हातारपण विकत घ्यायचं नसतं."
बरोबर असेल.
दोन लाख दहा.
तिला मी दुसरं बिस्किट विचारलं नाही.

शुक्रवारी एक पोरगा आला, रोरी सटक्लिफ,
टायची गाठ आईने बांधून दिल्यासारखी.
त्याच्या मोजायच्या यंत्राचा लाल ठिपका
भिंतीवरून सरकत कपाटाआड गेला,
तसा तोही वाकला.
"पाणी कुठवर आलं होतं?"
आधीच्या दोघांनी नदीचं नावही काढलं नव्हतं.
म्हैस पाण्यात असताना मोल करू नये म्हणतात,
माझं तर अख्खं घरच पाण्यात होतं एकदा.
मी बोट दाखवलं: तिसरी पायरी.

मग तो मागच्या दारात बराच वेळ उभा राहिला.
बारा आणि चौदाच्या मधल्या कुंपणाला एक फळी नाही.
तिथपासून माझ्या पायरीपर्यंत
गवत झिजलंय, पाऊलभर रुंद.
"घेणारा ठरलाय ना तुमचा?"
मी चहा ओतत राहिले, कप भरला तरी.
"माझी मावशी पण असंच करते," तो म्हणाला,
"घ्यायचे नसले तरी दुकानातले सगळे बूट घालून बघते."
कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं: एक लाख अठ्ठ्याण्णव.
खाली, बारीक अक्षरात: वकील मात्र धड बघा.
मी अख्खा पुडा त्याच्या हातात कोंबला.
त्याने एकच घेतलं.

रविवारी टेगनसमोर तिन्ही कार्डं मांडली.
पेन्सिलीचं सगळ्यात वर. ते मी मुद्दाम केलं.
पाण्याचं तिने विचारलंच नाही.
त्या रात्री ती नऊ वर्षांची होती,
माझ्याच चौथ्या पायरीवर बसलेली,
मांजर स्वेटरात घालून.
बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं,
ओठ चावला.
"आणि खुर्ची?"
काढून देते, मी म्हणाले, नाहीतर पाच हजार...
"नको. राहू दे.
आईच्या डाव्या गुडघ्याला जिना नको झालाय."

दोघी उठलो. बटण दाबून पाहिलं.
दोन वर्षांत कुणी दाबलं नव्हतं.
आधी नुसतीच कुरकुरली,
मग निघाली.